घरी वाचण्यासाठी शीख आणि पंजाबी पुस्तके कशी निवडावीत

माझ्या लेकीचे सासर लुधियान्याचे, शीख कुटुंबातले. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत आम्ही अमृतसरला गेलो. दरबार साहिबजवळच्या (म्हणजे सुवर्णमंदिराजवळच्या) बाजार माई सेवांमधील पुस्तकांची दुकाने पाहून मी उत्साहाच्या भरात पिशवीभर पुस्तके घेतली आणि पुण्याला परतल्यावर लक्षात आले की, त्यांतले एकही मला धड वाचता येत नाही. एक पुस्तक गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत होते, एकाची भाषा चारशे वर्षांपूर्वीची होती, तर एकात नुसता मूळ पाठ होता आणि अर्थ कुठेच नव्हता. नातवंडांना त्यांच्या वडिलांकडचे काही वाचून दाखवता यावे एवढीच माझी इच्छा होती, पण सुरुवात कुठून करायची हे सांगणारे कोणी नव्हते. पुढच्या काही वर्षांत चुकत-माकत जे कळले, ते ज्यांच्या घरी असाच काही निमित्ताने हा विषय आला असेल, त्यांच्यासाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी कप्पा ठरवा, मग पुस्तक

‘शीख पुस्तके’ आणि ‘पंजाबी पुस्तके’ हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. दुकानात जाण्यापूर्वी मनात तीन कप्पे करा. पहिला कप्पा बाणीचा, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबमधील रचना, त्यांच्या नित्यपाठाच्या पोथ्या आणि त्यांवरील टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी विवरणे यांचा. दुसरा कप्पा शीख इतिहास, जन्मसाखी (गुरू नानकांच्या चरित्रकथा) आणि परंपरा यांचा. तिसरा कप्पा पंजाबी साहित्याचा. त्यात शीख लेखक आहेतच, पण शाह हुसैन, बुल्ले शाह आणि वारिस शाह हे मुसलमान कवीही तितकेच आहेत, आणि त्यांना बाजूला ठेवून पंजाबी साहित्य वाचले असे म्हणता येत नाही.

हे कप्पे वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण भाषेचे आहे. बाणीची भाषा म्हणजे आजची पंजाबी नव्हे. तिला सामान्यतः संतभाषा म्हणतात, आणि तिच्यात जुनी पंजाबी, ब्रज, लहंदी, फारसी यांच्याबरोबर आपल्या मराठीच्याही खुणा सापडतात. त्यामुळे पंजाबी बोलायला शिकण्यासाठी जपुजी, म्हणजे ग्रंथातली पहिली रचना, हाती घेणारा माणूस गोंधळतो आणि आजची पंजाबी येते म्हणून बाणी आपोआप कळेल असे समजणाराही गोंधळतो. आपल्याकडे ज्ञानेश्वरी वाचून कोणी भाजीबाजारातली मराठी शिकत नाही, तसेच हे आहे.

२. लिपीचा निर्णय लवकर घ्या

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. देवनागरी लिप्यंतर आणि हिंदी अर्थ असलेली पुस्तके घेऊन लगेच वाचायला लागता येते, किंवा दोन-तीन महिने देऊन गुरुमुखी शिकता येते. माझा सल्ला असा की, सुरुवात देवनागरीने करावी, पण गुरुमुखी टाळू नये, कारण चांगल्या टीका, कोश आणि बहुतेक सर्व साहित्य त्याच लिपीत आहे. मुळाक्षरे पस्तीस आहेत, म्हणून वर्णमालेलाच ‘पैंती’ म्हणतात. शाळेच्या पहिलीचा ‘कायदा’, म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, आणला तर आपल्यासारख्या देवनागरी जाणणाऱ्याला ती फार अवघड जात नाही.

मात्र ओळखीच्या वाटणाऱ्या अक्षरांनीच आपण फसतो. गुरुमुखीतला ‘ग’, ‘ट’ आणि ‘ठ’ आपल्यासारखेच दिसतात, त्यामुळे धीर येतो आणि तेवढ्यात ‘स’ समोर येतो, जो हुबेहूब आपल्या ‘म’सारखा आहे. ग्रंथाच्या अगदी आरंभी येणाऱ्या मूलमंत्रातले ‘सतिनामु’ मी कित्येक दिवस ‘मतिनामु’ असे वाचत होते आणि त्यातून काहीतरी अर्थही लावत होते. गुरुमुखीच्या ‘म’ची शिरोरेघ वर उघडी असते आणि ‘स’ची बंद असते, एवढी खूण लक्षात ठेवली की ही चूक होत नाही. शब्दावर चंद्रकोरीसारखी दिसणारी खूण म्हणजे ‘अद्दक’, ती पुढच्या अक्षराचे द्वित्व दाखवते.

लिपीचा तिसरा सापळा ऑनलाइन खरेदीत असतो. पाकिस्तानातील पंजाबी शाहमुखीत, म्हणजे फारसी वळणाच्या लिपीत छापली जाते, आणि विक्रीच्या पानावर भाषा ‘पंजाबी’ एवढीच लिहिलेली असते. वारिस शाहचे ‘हीर’ हे काव्य मी असेच मागवले आणि शाहमुखीतली प्रत घरी आली. तेव्हापासून आतल्या एखाद्या पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय मी पैसे भरत नाही.

उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरे लिहिली जातात तशी उच्चारली जात नाहीत, तर त्यांच्या जागी स्वराचा चढ-उतार येतो आणि शब्दाच्या आरंभी ‘भैण’ हे साधारण ‘पैण’सारखे ऐकू येते. पुस्तकातून हे कळत नाही. म्हणून पहिले पुस्तक असे निवडा की, ज्याचा पाठ किंवा वाचन ध्वनिमुद्रित स्वरूपात सहज मिळेल, आणि पानावर बोट ठेवून ऐका.

३. बाणीचे पहिले पुस्तक: सरूप नव्हे, गुटका किंवा सटीक

नवख्या माणसाला वाटते की गुरू ग्रंथ साहिबची एक प्रत विकत आणावी आणि कपाटात ठेवून सवडीने वाचावी. असे करू नये. संपूर्ण ग्रंथाची एका जिल्दीतील प्रत, म्हणजे सरूप, हे शिखांच्या दृष्टीने पुस्तक नसून प्रत्यक्ष गुरू आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली आपल्याच नांदेडला ग्रंथाला गुरुपद दिले. सरूप घरी आणायचे तर स्वतंत्र खोली, मंजी (ग्रंथ ठेवायची छोटी खाट), चंदोआ (वरचे छत), रुमाला (झाकायचे वस्त्र), चौर (चवरी) आणि रोजचा प्रकाश व सुखासन (ग्रंथ विधिपूर्वक उघडणे व मिटून ठेवणे) हे सारे पाळावे लागते. सरूप दुकानात विकतही मिळत नाही.

घरच्या वाचनासाठी परंपरेनेच वेगळी सोय केलेली आहे. नित्यपाठाच्या लहान पोथीला ‘गुटका साहिब’ म्हणतात, आणि हा शब्द आदराने उच्चारायचा, आपल्याकडच्या टपरीवरच्या शब्दाशी त्याची गल्लत होऊ द्यायची नाही. अभ्यासासाठी ग्रंथ दोन किंवा अधिक भागांत विभागून छापतात, त्या भागांना ‘सैंची’ म्हणतात. आणि ज्या पुस्तकात मूळ पाठाखाली अर्थ दिलेला असतो, त्याला ‘सटीक’ किंवा ‘स्टीक’ म्हणतात. पहिली खरेदी एकच करा: जपुजी साहिब, सटीक, देवनागरीत. मूलमंत्र, आरंभीचा श्लोक, अडतीस पौड्या (कडवी) आणि शेवटचा श्लोक एवढीच ही रचना आहे आणि ती ग्रंथाच्या पहिल्या आठ पानांत येते. विनोबा भाव्यांनी जपुजीवर केलेले विवेचनही पुस्तकरूपाने आहे, आणि मराठी मनाला ते जवळचे वाटते.

नित्यपाठाचा गुटका घेताना त्यात कोणत्या बाण्या आहेत ते पाहा. सकाळी जपुजी, जाप आणि सवैये, संध्याकाळी रहिरास, झोपण्यापूर्वी सोहिला, असा साधारण क्रम आहे. दोन गुटक्यांतील रहिरासची लांबी वेगळी दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. वेगवेगळ्या परंपरांत तो पाठ लहान-मोठा आहे, आणि नांदेडच्या हजूर साहिबची रीत अमृतसरच्या रीतीपेक्षा काहीशी निराळी आहे. ज्या घराशी तुमचा संबंध आहे, त्या घरात चालतो तोच गुटका घ्यावा, म्हणजे एकत्र पाठाला बसता येते.

४. घरात जागा आधी करा

लुधियान्याला असताना मी नवा गुटका पाहत पाहत पलंगावर ठेवला आणि पाणी प्यायला उठले. विहीणबाईंनी काही न बोलता तो उचलला, कपाळाला लावला, रुमालात गुंडाळला आणि मग हळूच म्हणाल्या, “बहनजी, इत्थे नहीं रक्खीदा.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मला फार वाईट वाटले, कारण आपल्या घरीही पोथी पाटावर ठेवायची असते हे मी लहानपणापासून जाणत होते.

नियम साधे आहेत. पोथी स्वच्छ रुमालात ठेवावी, जमिनीवर किंवा अंथरुणावर ठेवू नये, तिच्यावर दुसरे पुस्तक रचू नये, वाचताना डोके झाकलेले व हात धुतलेले असावेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये, आणि पोथीत पेनाने खुणा करू नयेत. टिपणे काढण्यासाठी वेगळी वही ठेवा. हे नियम बाणी असलेल्या पुस्तकांसाठी आहेत. कादंबरी किंवा इतिहासाचे पुस्तक इतर पुस्तकांसारखेच वापरता येते. घरात जागा नसेल तर एक उंच फळी पुरते, पण ती पोथी येण्यापूर्वी मोकळी करून ठेवावी. पोथी जीर्ण झाली तर रद्दीत देऊ नये, जवळच्या गुरुद्वाऱ्यात नेऊन द्यावी. तिच्यावर योग्य तो संस्कार करण्याची व्यवस्था ते करतात.

५. नामदेवांपासून सुरुवात करा

या लेखातली माझी सर्वांत आग्रहाची सूचना हीच आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांचे एकसष्ट शब्द आहेत. पदाला तेथे ‘शब्द’ म्हणतात. परंपरेने बार्शीचे मानले जाणारे त्रिलोचन यांचेही चार शब्द आहेत. नामदेवांचे नाव पंजाबात किती जिवंत आहे, हे गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी गेल्यावर कळते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. मराठी वाचकाने परक्या घरात समोरच्या दाराशी ताटकळत राहण्याऐवजी या ओळखीच्या दाराने आत जावे.

गुरू ग्रंथ साहिबच्या प्रमाण प्रतीत एकूण १४३० पाने असतात, त्यांना ‘अंग’ म्हणतात, आणि कोणत्याही प्रमाण प्रतीत तोच शब्द त्याच अंगावर असतो. म्हणून टीका कोणाचीही असो, अंगाचा आकडा सांगितला की जागा सापडते. अंग ४८५ उघडा. राग आसामध्ये नामदेवांचा शब्द आहे: ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’. घागर आणली, पाणी भरले. हे ‘आनीले’, ‘भराईले’ वाचताना मराठी माणसाला कोश लागत नाही. पुढे ‘जत्र जाउ तत बीठलु भैला’ अशी ओळ येते आणि तिच्यापुढे ‘रहाउ’ असा शब्द छापलेला असतो. जावे तिथे विठ्ठलच आहे, हा त्या शब्दाचा गाभा. ‘रहाउ’ म्हणजे आपल्या अभंगातले ध्रुपद, आणि संपूर्ण शब्दाचा अर्थ त्या ओळीभोवती लावायचा असतो.

व्याकरणाचाही असाच एक जुना परिचय निघतो. बाणीत ‘नामु’, ‘बीठलु’, ‘संसारु’ असे उकारान्त शब्द सतत येतात आणि नवखा वाचक त्यांना लेखनातली लहर समजतो. हा उकार प्रथमेच्या एकवचनाची खूण आहे. ‘देवा तूंचि गणेशु । सकलमति प्रकाशु’ म्हणणाऱ्या आपल्याला तो नवा नाही. ‘नामु’ म्हणजे नाम, आणि ‘नामि’ असे इकारान्त रूप आले तर नामाने किंवा नामात. पाठ करताना हे शेवटचे ऱ्हस्व स्वर बहुधा उच्चारत नाहीत, पण अर्थ लावताना त्यांच्यावरच सगळी भिस्त असते.

आणखी एक सापळा येथेच सांगून ठेवते. बहुतेक शब्दांच्या शेवटी ‘नानक’ अशी नाममुद्रा असते, म्हणून ते सारे गुरू नानकांचे असे वाटते. ज्या गुरूंच्या रचना ग्रंथात आहेत, त्या सर्वांनी हीच नाममुद्रा वापरली. रचना कोणाची हे शीर्षकातील ‘महला’ या शब्दापुढच्या आकड्यावरून कळते. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ५ म्हणजे गुरू अर्जन, महला ९ म्हणजे गुरू तेगबहादुर.

६. टीका पारखून घ्या

दुकानात दोन-तीन सटीक पुस्तके समोर ठेवा आणि सगळ्यांत एकच शब्द काढून पाहा. मी नेहमी वरचाच, अंग ४८५चा, शब्द काढते. चांगल्या टीकेत अवघड शब्दांचे अर्थ वेगळे दिलेले असतात, मग ओळीचा अर्थ येतो, आणि टीकाकाराचे स्वतःचे विवेचन त्यापासून निराळे ओळखता येते. जिथे दोन ओळींच्या मुळाखाली पानभर उपदेश आहे आणि शब्दार्थ एकही नाही, ते पुस्तक सुरुवातीला घेऊ नका.

गुरुमुखी येऊ लागल्यावर प्राध्यापक साहिबसिंग यांचे दहा खंडांतील ‘श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण’ हे माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यांनी बाणीचे व्याकरण मांडून त्याच्या आधारे अर्थ लावला. ते इंटरनेटवरही वाचता येते, त्यामुळे दहाही खंड लगेच घेण्याची गरज नाही. शब्दांसाठी भाई काहनसिंग नाभा यांचा ‘महान कोश’ आहे. तो १९३० साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि आजही त्याच्याशिवाय चालत नाही.

७. इतिहास आणि साखी यांत फरक ठेवा

मुलांसाठी म्हणून आपण प्रथम जन्मसाखीच्या गोष्टी आणतो आणि ते योग्यच आहे. पण जन्मसाखी हे भक्तीने लिहिलेले चरित्र आहे. पुरातन जन्मसाखी आणि भाई बाला यांच्या नावावरची जन्मसाखी यांत गुरू नानकांच्या प्रवासांचा क्रमसुद्धा जुळत नाही. महिपतीबोवांचा ‘भक्तिविजय’ आपण ज्या भावाने वाचतो, त्या भावाने साखी वाचावी आणि सनावळीसाठी इतिहासाकडे जावे. खुशवंतसिंग यांचा दोन खंडांतील इंग्रजी इतिहास वाचनीय आहे. मॅकॉलिफ यांचे सहा खंड १९०९ सालचे आहेत आणि त्यांत परंपरेतील कथा विस्ताराने येतात. शंका आल्यावर पाहण्यासाठी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने चार खंडांत काढलेला शीख धर्माचा इंग्रजी ज्ञानकोश मोठ्या ग्रंथालयात मिळतो. ‘सिख रहित मर्यादा’ ही शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची छोटी पुस्तिका मात्र घरीच ठेवा, रीतिरिवाजाबद्दलच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात आहेत.

८. पंजाबी साहित्य: सोप्याकडून अवघडाकडे

भाई वीरसिंग यांची ‘सुंदरी’ ही १८९८ची कादंबरी पंजाबीतली पहिली मानली जाते, म्हणून पुष्कळ जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. मी तसे सुचवणार नाही, कारण तिची भाषा आणि वळण जुने आहे. गुरुमुखीत पहिली कादंबरी वाचायची तर नानकसिंग यांची ‘पवित्र पापी’ घ्या. गद्य सरळ आहे आणि कथा हात सोडत नाही. अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ फाळणीवरची आहे, लहान आहे, आणि हिंदीतून वाचली तरी फारसे निसटत नाही. गुरदयालसिंग यांची ‘मढी दा दीवा’ १९६४ साली आली. शेतमजूर जगसीरची ही गोष्ट मला ग्रामीण मराठी कादंबरीच्या फार जवळची वाटली. तिच्यातील पंजाबातल्या माळवा भागाची बोली मुळातून झेपत नाही, म्हणून आधी अनुवाद वाचा आणि मग मूळ उघडा.

कवितेबाबत उलटे करा: आधी ऐका. शिवकुमार बटालवी आणि सुरजित पातर यांच्या कविता पुष्कळांनी गायल्या आहेत, आणि कानात चाल असली की पानावरच्या ओळी आपोआप उलगडतात. ‘हीर’ घेताना संपादकाचे नाव पाहा, कारण लोकप्रिय आवृत्त्यांत इतरांनी घातलेल्या ओळी फार आहेत.

९. जवळ काय असावे

एक सटीक जपुजी, दोन सुती रुमाल, लाकडी रेहल (पोथी ठेवायची घडीची चौकट) किंवा स्वच्छ पाट, गुरुमुखीचा कायदा, पंजाबी-हिंदी किंवा पंजाबी-इंग्रजी शब्दकोश, आणि टिपणांची वही. मोबाइलवर ‘सिखी टू द मॅक्स’ ठेवले तर शब्दांच्या आद्याक्षरांवरून ओळ शोधता येते. दरबार साहिबचा रोजचा हुकमनामा, म्हणजे त्या दिवशी ग्रंथातून वाचलेला शब्द, अंगाच्या आकड्यासह प्रसिद्ध होतो. सैंची घेतली असेल तर रोज तेवढेच पान काढून वाचावे, यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

१०. खरेदी

बाणीच्या पोथ्या शक्यतो अमृतसर, दिल्ली किंवा नांदेड येथे गुरुद्वाऱ्याच्या परिसरातूनच घ्या. तिथे किमतीला ‘भेटा’ म्हणतात, त्यामुळे “केवढ्याला?” ऐवजी “भेटा किती?” असे विचारावे. गुटके व छोट्या पुस्तिका काही वेळा मोफतही मिळतात. मुंबई-पुण्यातील गुरुद्वाऱ्यांत लंगरनंतर ग्रंथींना (ग्रंथाचा पाठ करणाऱ्यांना) विचारले तर ते आपल्याकडचे सटीक पाहायला देतात, आणि विकत घेण्यापूर्वी आठवडाभर वाचून पाहण्याची ही उत्तम सोय आहे. साहित्याच्या अनुवादांसाठी साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची सूची आधी पाहा, मराठी अनुवाद असेल तर तो घ्या, नसेल तर हिंदी.

पैसे देण्यापूर्वी लिपी, अर्थाची भाषा, अक्षराचा आकार आणि बांधणी एवढे पाहा. अक्षराच्या आकाराकडे मी एकदा दुर्लक्ष केले आणि खिशात मावणारा सुबक गुटका आणला, पण रात्रीच्या दिव्यात त्यातली एकही मात्रा मला दिसेना. तो आता नातीकडे आहे. तिचे डोळे चांगले आहेत आणि सोहिला ती मला वाचून दाखवते.